पायाळू नर्सबाई

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून बाहेर येताना डोक्याच्या आधी माझे पाय आले. आमच्या भोकरदन तालुक्यात एवढं भांडवल आयुष्यभर पुरतं. पायाळू माणसानं पाठीवर पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडं शाळेत न जाता प्रत्येकाला येतं. पायाळूवर वीज पडते, हेही येतं. म्हणजे लोकांच्या कंबरा मोकळ्या करायच्या मी, आणि आभाळानं नेम धरायचा तोही माझ्यावरच.

आणि मी नर्स होते. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, सगळी अंबडकडच्या खेड्यांत. या दोन गोष्टी एका बाईत कशा मावल्या असं कुणी विचारलं तर सांगते, मावल्या नाहीत. एकीनं दुसरीला बाहेर काढलं. कुणी कुणाला काढलं आणि त्यात माझा भाऊ कसा गेला, एवढंच मला सांगायचंय.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं एक वाक्य ठरलेलं असतं. देवाधर्माबद्दल, अंगाऱ्याधुपाऱ्याबद्दल कुणी पोरासोरानं उलटा प्रश्न केला की ते वाक्य येतं, "वय होऊ दे, मंग कळन." मला ते पहिल्यांदा आत्यानं ऐकवलं. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरात हुकूम तिचाच. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती मला लोकांच्या पाठीला लावत आली. सकाळी, माझं चहापाणी व्हायच्या आत, माणूस दारात यायचा. भिंतीकडं तोंड करून वाकायचा, फारच दुखत असलं तर पालथा पडायचा. आत्या माझं बखोट धरून मला त्याच्यापाशी न्यायची. उजवा पाय, तीन वेळा. पाय लावताना कुणी बोलायचं नाही आणि जाताना माणसानं मागं बघायचं नाही.

मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. एरवी चुकून कुणाला पाय लागला तर आत्या पाठीत धपाटा घालून नमस्कार करायला लावायची, आणि इथं गावातले मिशीवाले बाप्ये माझ्या एवढ्याशा पायाखाली वाकायचे. हे असं का, असं विचारलं तर म्हणायची, "देवाचं देणं आहे बाई ते. चौकशी करू न्हाई." वळवाच्या दिवसांत आभाळ गरजायला लागलं की मला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. वीज कडी वाजवून येते अशी तिची समजूत असावी.

पुढं मी नर्सिंग शिकायला जालन्याला गेले. तिथं मी पहिलं पायाळू बाळंतपण पाहिलं. पाय बाहेर आलेले आणि डोकं आत अडकलेलं. मोठ्या सिस्टर घामाघूम झाल्या तेव्हा कुठं बाळ सुटलं, पण ते रडलं नाही. ती आई सारखी विचारत होती, "काय झालं बाई, पोरगा का पोरगी?" मला तिच्याकडं बघवेना. देवाचं देणंबिणं काही नसतं, बाळाचं पोटात फिरायचं राहून जातं, एवढंच असतं, हे मला त्या दिवशी कायमचं कळलं. निदान कायमचं कळलं असं मला तेव्हा वाटलं.

शिक्षण संपवून बाविसाव्या वर्षी मी घरी आले, तर आत्या कंबर धरून बसलेली. "ये गं बाई. तुझीच वाट बघून राह्यले. लाव पाय."

मी नाही लावला. वर भाषण दिलं. बावीस वर्षांच्या पोरीचं भाषण कसं असतं ते विचारू नका. स्नायू सांगितले, मणके सांगितले, हवेत बोटानं गर्भाशय काढून दाखवलं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वय होऊ दे, मंग कळन." त्यानंतर ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, ओसरीवर बसून हसत होता. चार वर्षांनी मोठा, शेती बघायचा. मला म्हणाला, "बोलली तू बराबर. पण येवढं लंबं कामून बोलली? न्हाई म्हणायचं, विषय खतम." दादाला या कशाचंच काही नव्हतं. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचा, नारळ फोडायचा, येताना गरम भजी खायचा. त्याचा धर्म तेवढाच. लहानपणीसुद्धा त्यानं कधी माझ्या पायासमोर पाठ केली नाही. पाठ दुखली की वीट तापवून शेकायचा.

नोकरीत मी माझा हट्ट सोडला नाही. लसीचा डबा खांद्याला लावून शेताशेतांतून हिंडले. कितीतरी बाळंतपणं केली, त्यात पायाळू बाळंही आली, आणि त्यांच्या घरच्यांना मी दरवेळी दटावून सांगितलं, की या पोराला लोकांच्या पाठीवर नाचवायचं नाही. मी स्वतः पायाळू आहे हे मी तिकडं कुणाला कळू दिलं नाही. एका घरात म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुम्ही लेकरू वाचवलं, देवीनं वाचवलं." मग देवीला साडी चढवली आणि मला चहा पाजला. चहा गोड होता, तक्रार नाही. पण पस्तीस वर्षांत माझ्यापुढं कुणी वाकल्याचं मला आठवत नाही.

तिथल्या शाळेवर एक हेडमास्तर होते. तरुणपणी त्यांनी गावातल्या एकाही देवऋषाला सोडलं नव्हतं. भर चावडीत टर उडवायचे. पन्नाशी उलटली आणि त्यांच्या बोटांत खडे दिसायला लागले. आधी एक, मग चार बोटांत चार. मी म्हटलं, गुरुजी, हे काय हो? तर म्हणाले, "सिस्टर, आम्ही काय उन्हात केस पांढरे केले नाहीत." मी मनात म्हटलं, मग कशात केले? तेव्हा मला त्यांचं फार हसू आलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते यालाच, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा त्यानंतर थोड्याच वर्षांनी गेला. मूलबाळ आम्हाला नव्हतं.

वयानं सगळेच खुळावतात असं मी म्हणत नाही, कारण माझी आई उलट्या बाजूनं गेली. तिचे उपास मोजता यायचे नाहीत. मंगळवार, शुक्रवार, एकादशी, चतुर्थी. ऐंशीला टेकली तेव्हा एका एकादशीला सकाळीच म्हणाली, भाकर दे. मी सुट्टीवर घरी होते. म्हटलं, "आई, आज एकादशी." म्हणाली, "माहीत आहे मला. भूक लागली." तिनं दूधभाकर कुस्करून खाल्ली, तोंड पुसलं आणि मग सांगितलं, "पहिला उपास धरला तो तुमच्या आधीच्या लेकरासाठी. ते राह्यलं न्हाई. मंग सोडायचं भेव वाटलं. तुम्हाला काई झालं तर, म्हणून धरत गेले. आता कशाचंच भेव वाटत न्हाई." मी सहज माझ्या पायाचं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझे पाय आले तवा मी दोन दिवस मरून राह्यल्ते. त्यात कशाचा आला गुण?" तिला सही येत नव्हती. सही करून पगार घेणारी मी होते.

आई गेल्यावर दोन-तीन वर्षांनी मी रिटायर झाले आणि गावी परत आले. दादाच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. मधे एकच भिंत. दादा-वहिनींचा मुलगा पुण्याकडं कंपनीत, त्यामुळं त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना मिळून आम्ही तीनच म्हातारी माणसं.

गावात नर्स आली म्हटल्यावर लोक दुखणी घेऊन यायला लागले. मी सांगायची ते करायचे नाहीत, आणि बिघडलं की माझं नाव घ्यायचे. एकीला म्हटलं, पोराला आजच्या आज जालन्याला ने. तिनं नेलं नाही, आणि पोरगं महिनाभर अंथरुणाला खिळलं तेव्हा हसनाबादच्या बाजारात सांगत फिरली की नर्सबाईला काई कळलं न्हाई. पालथ्या घड्यावर पाणी! पस्तीस वर्षं हेच केलं होतं. माझं डोकं फिरलं. मी दारातच सांगायला सुरुवात केली, "मी रिटायर झाले. दुखणं मला सांगायचं नाही. सरकारनं दवाखाना बांधलाय, तिकडं जा." घरच्यांनाही सूट नव्हती. दादानं एकदा जेवताजेवता विचारलं, "डोकं जड पडतं, बीपी असन का गं?" मी म्हटलं, "दादा, मला जेवू दे. दवाखाना उघडा आहे." तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई." पुन्हा त्यानं कधी काही विचारलं नाही.

पायाचं कसं सुरू झालं ते सांगते. मागच्या गल्लीतला एक म्हातारा सकाळी कमरेत वाकून आला. डोळ्यांतून पाणी काढत होता. त्याला मी दारातून परत नाही पाठवू शकले, माझ्याकडच्या दोन गोळ्या दिल्या. त्यानं गिळल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. "गोळी घेतली, आता पाय लाव. तू येवढीशी होती तवा लावला होता. मला अजून आठवतं." मी म्हटलं, काय जातंय? आपल्या लोकांत या दोन शब्दांइतकं महाग दुसरं काही नाही. काय जातंय म्हणत मी पाय लावला. दुसऱ्या दिवशी म्हातारा ताठ चालत आला. बरा तो गोळीनं झाला, हे त्याच्यापेक्षा मला चांगलं माहीत होतं. गावाला त्यानं पायाचं सांगितलं. आणि गोळीचं मी बोलले नाही. तिथंच घसरले मी.

मग लोक यायला लागले. मी रविवार ठरवून दिला. आदल्या दिवशी ओटा सारवायचा, सकाळी आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसायचं, आणि शेवटच्या माणसाची पाठ होईपर्यंत चहा घ्यायचा नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच सुरू केलं. एका रविवारी थंडीमुळं आधी चहा घेतला, आणि त्या दिवशीच्या बाईला आराम पडला नाही. माझ्या मनात आलं, चहामुळं असेल. हे मनात आलं आणि मी जरा चपापले. जराच.

कळतं पण वळत नाही, असं म्हणून मला सुटता येणार नाही. मला जे कळत होतं तेच कमी कमी होत गेलं. का, तेही सांगते. लसीचा डबा घेऊन हिंडले तेव्हा ज्या लोकांनी कुत्री अंगावर सोडली, तसलेच लोक आता पाठ वाकवून समोर उभे राहत होते. सरपंच आला. सरपंचाचा बाप आला. जाताना माझ्या पायाला हात लावून तो हात डोळ्यांना लावायचे. मला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर जाऊन बसले. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता विचारतायत, हीच माझी अक्कल. बाविसाव्या वर्षी मला मान नको होता, बरोबर असलं की पुरत होतं. साठीला बरोबर असण्याचा कंटाळा आला होता.

दादा ज्या दिवशी आला तो असाच एक रविवार होता. मे महिना, सकाळी सात-साडेसातलाच ओटा तापायला लागलेला. ओट्यावर तीन माणसं बसली होती. दादा चौथा येऊन बसला, सख्ख्या बहिणीच्या ओट्यावर नंबर लावून. मी म्हटलं, "दादा, तू कसा काय?"

"पाठीत धरल्यावानी होऊन राह्यलं. होऊ दे यांचं आधी."

मला काय वाटायला पाहिजे होतं? ज्या माणसानं साठ वर्षांत कधी माझ्या पायासमोर पाठ केली नाही तो आज बसलाय, म्हणजे काहीतरी गंभीर आहे, असं वाटायला पाहिजे होतं. मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला वाटलं, अखेर दादालाही पटलं. आणि तो बघतोय म्हणून मी त्या तिघांना घाई न करता, नेहमीपेक्षा जास्त सावकाश पाय लावले. एकेकाला नीट उभं केलं, डोळे मिटून घेतले, तीनदा पाय टेकवला. दादा खांबाला टेकून बसला होता. असा किती वेळ बसला असेल? अर्धा तास तर नक्की.

त्याची पाळी आली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "जरा बघ बरं, कुठं दुखतं ते. इथून निघून इकडं येऊन राह्यलं." त्यानं हात मागं नेला, मग खांद्यावर आणला. डाव्या.

मी म्हटलं, "उसण आहे. भिंतीकडं तोंड कर."

तो माझ्याकडं बघत उभा राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, लाजतोय, धाकट्या बहिणीपुढं वाकायचं म्हणजे. मी म्हटलं, "बोलायचं नसतं, दादा." मग तो वळला.

मी पाय लावला. तळव्याला त्याची बंडी ओली लागली. मे महिन्यात बंडी ओली असायचीच, पण हा घाम गार होता. उन्हाळ्यात विहिरीच्या ओल्या पायरीला पाय लागावा तसा गार. नोकरीत असताना गावोगावच्या बायकांना बसवून मी हेच शिकवलं होतं. छातीत किंवा पाठीत कळ, डावा हात, गार घाम, मग वाट बघायची नाही, मिळेल ती गाडी धरायची. मी ते फळ्यावर लिहून द्यायची. आणि त्या दिवशी तो गार घाम पायाखाली असताना मी दुसऱ्यांदा पाय लावला, तिसऱ्यांदा लावला. हात लावला असता तर कदाचित मी जागी झाले असते. पण हात मी लावलाच नाही.

"वाटलं का बरं?" मी विचारलं. "वाटलं," तो म्हणाला, आणि मागं न बघता गेला. मी चहा ठेवला.

साडेनऊच्या सुमाराला भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली. मी गेले तेव्हा दादा खाटेवर एका अंगाला कलला होता. मग मात्र मी नर्स झाले. शेजाऱ्याची जीप बोलावली, वहिनींना पुढं बसवलं, मागच्या बाकावर दादाला आडवं टाकून त्याची छाती दाबत राहिले. राजूर मागं पडलं तेव्हा मला कळलं होतं, तरी जालन्यापर्यंत मी हात थांबवला नाही. दवाखान्यातले डॉक्टर पोरसवदा होते. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, "मावशी, दोन तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलं आहे, आणि ऐकवताना मला त्यांचा राग यायचा.

दहावं झालं, तेरावं झालं. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच बोलायची. बहिणीचा पाय लागला म्हणून सुखानं गेला, हाल झाले न्हाईत, भाग्याचा माणूस. वहिनी मान खाली घालून ऐकायच्या. महिन्याभरानं लोक पुन्हा ओट्यावर येऊन बसले. मी सांगितलं, आता नाही. तर एकमेकांत म्हणायला लागले की सुतकात गुण जातो, वर्षानं परत येतो. माझा भाऊ माझ्या पायाखालून गेला आणि तरी त्या पायाचं नाव गेलं नाही. पायाला दोष द्यायला एकही माणूस तयार नव्हता. खरं सांगते, ते मला सोयीचं होतं. पायाला दोष नाही म्हणजे मला नाही. त्याचे दिवस भरले होते, एवढं म्हटलं की सगळं मिटत होतं. एखादी भाबडी गोष्ट माणसं म्हातारपणी का धरून ठेवतात, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. ती सोडली तर मागचं सगळं उघडं पडतं.

पण वहिनींना सांगायला पाहिजे, हे मनात टोचत होतं. मुलगा लांब, सून लांब. त्यांना मी आणि मला त्या. सकाळचा चहा आम्ही एकत्र घेतो, एकीनं भाजी निवडली तर दुसरी भाकरी टाकते. बाया म्हणतात त्या गोष्टीवरच वहिनी उभ्या आहेत, असं मला वाटायचं. बहिणीच्या पायानं नवऱ्याला शेवटी आराम पडला, एवढं त्यांच्याकडं आहे. ते मी काढून घेऊ? आणि ऐकल्यावर त्या माझ्याशी बोलतील का? वर्षश्राद्ध होईपर्यंत मी गप्प राहिले. नंतरही आठ महिने गप्प राहिले.

शेवटी गेल्या थंडीत, आम्ही दोघी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा बोलले. म्हटलं, "वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी दादाच्या पाठीचा घाम मला पायाला गार लागला होता. तो कशाचा असतो ते मला माहीत होतं. मी त्याला उसण म्हणाले. ते दोन तास माझ्यामुळं गेले. पायात काही नसतं, वहिनी. कधीच नव्हतं."

वहिनींनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "पायात काई नसतं ते आम्हाला माहीत आहे, ताई. यांना कुठं खरं वाटायचं ते."

"मग तो आला कशाला?"

"तुम्हाला दुखणं सांगितलं की तुम्ही चिडता." वहिनींचा आवाज चढलेला नव्हता. भाजीला किती मीठ घातलं ते सांगावं तसं सांगत होत्या. "पहाटं पाचलाच उठून बसल्ते. मी म्हणलं, जालन्याला जाऊ. तर म्हणले, थांब, घरात नर्स आहे. पण सरळ सांगितलं तर दवाखान्यात जा म्हणन, बघणार न्हाई. पाय लाव म्हणलं तर जवळ तरी येईन, हात लावून बघन. तिला एका नजरंत कळतं. ती जा म्हणली की जल्दी निघू. तुमचा पाय नको होता त्यांना. तुम्ही पायजे होत्या."

म्हणजे आमच्या त्या दोन घरांत पायावर विश्वास असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मी होते. मला रडू आलं नाही. स्वतःचा राग आला. जो माणूस नर्सला भेटायला माझ्या ओट्यावर अर्धा तास बसला, त्याला मी सांगितलं होतं, बोलायचं नसतं.

मी विचारलं, "घरी आल्यावर काही म्हणाला का?"

"मी विचारलं ना, काय म्हणली? म्हणले, उसण आहे म्हणली." वहिनींनी सूप दोनदा हलवून दाणे एका बाजूला केले. "मी कपड्याची पिशवी भरून ठेवली होती, ताई. आधार कार्ड, टॉवेल, सगळं. जीपवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. मंग त्याला न्हाई म्हणून सांगितलं, आणि पिशवी रिकामी केली."